बडोद्याहून दिवाळीआधी दोन दिवसांत आई आणि लहान मुलीला घेऊन छताखालच्या बागा, पक्षी-प्राणी कुठे पाहता येतील?

एकता नगरला, म्हणजे जुन्या केवडियाला जा. बडोद्याहून साधारण ९० किमी. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी सगळं बंद असतं.

सकाळी आधी जंगल सफारी नावाचं तिथलं प्राणिसंग्रहालय बघा. तिथले दोन मोठे जाळीचे घुमट मला फार आवडतात, एक देशी पक्ष्यांचा, एक परदेशी. आपण चक्क आतून चालतो. मकाव (मोठा रंगीत पोपट) डोक्यावरून ओरडत गेला की मुलं जागीच थबकतात. घाई करू नका, घुमटात पाच मिनिटं नुसतं उभं राहा, पक्षी आपणहून जवळ येतात. आईंना फार चालवू नका, आत बॅटरीवरची गाडी मिळते.

ऑक्टोबरचं ऊन चढलं की कॅक्टस गार्डनच्या हरितगृहात शिरा. गोल, पिवळ्या काट्यांची निवडुंगं बघण्यासारखी आहेत. सरदार पटेलांचा पुतळा (१८२ मीटर) संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी बडोद्यातलं आपलं कमाटीबागच. सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली ही बाग विश्वामित्री नदीच्या काठी आहे. कोवळ्या उन्हात पुलावरून काठ नीट न्याहाळा, मगर जबडा उघडून पडलेली दिसू शकते. मुलीचा हात मात्र सोडू नका.