ईएलएल गटाचे निकाल कायम मागेच का दिसतात?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या पब्लिक (सरकारी) स्कूलने मुलीला ‘इंग्लिश लर्नर’ (ईएलएल, म्हणजे इंग्रजी अजून शिकत असलेलं मूल) ठरवलंय, अहवालात त्या गटाचे निकाल कमी दिसतात, तर तिचं नाव काढून घ्यावं का?

२०११ मध्ये पब्लिक शाळांत अशी सुमारे ४६ लाख मुलं होती (९.४ टक्के). २०२१ मध्ये ५३ लाख झाली (१०.६ टक्के). टेक्ससमध्ये प्रमाण २० टक्क्यांच्या वर. चारांतल्या तिघांच्या घरी स्पॅनिश, त्यामुळे मराठी घरांबद्दल ही सरासरी फार काही सांगत नाही.

२०१९ च्या ‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात हा गट इतरांपेक्षा ३३ गुणांनी मागे होता, आठवीत ४५ गुणांनी. इथेच लोक फसतात. ज्याला इंग्रजी जमलं तो गटाबाहेर पडतो, त्याचे गुण ‘इतरां’त मोजले जातात आणि त्याची जागा कालच देशात आलेलं मूल घेतं. आठवीपर्यंत गटात राहतात ती एकतर नवी आलेली किंवा वर्षानुवर्षं अडकलेली मुलं. म्हणून शाळेकडे गटातून बाहेर पडलेल्या मुलांचे निकाल वेगळे मागा. शाळेच्या शिकवण्याचा दर्जा त्यात दिसतो.

अडकण्याचा धोका मात्र खरा आहे. कॅलिफोर्नियात जे मूल बरीच वर्षं अमेरिकी शाळेत काढूनही गटाबाहेर पडलेलं नाही, त्याला ‘लाँग टर्म’ म्हणतात. अशी मुलं फाडफाड बोलतात, घोडं अडतं लेखनात. बऱ्याच राज्यांत या गटातल्या मुलांची दरवर्षी इंग्रजीची ‘विडा ॲक्सेस’ परीक्षा होते, तीत वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के वजन आहे, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी फक्त १५. ‘पोरगी अमेरिकनांसारखी बोलते’ एवढ्यावर सुटका नाही. एकूण पातळी स्केल स्कोअरवरून (समान मापावर आणलेल्या गुणांवरून) निघते, त्यामुळे चार कौशल्यांच्या पातळ्यांची सरासरी घरी काढू नका, जुळणार नाही. बाहेर पडायची पातळीही राज्यागणिक वेगळी.

नाव काढण्याबद्दल: पालक म्हणून तुम्ही सेवा नाकारू शकता, पण शिक्का जात नाही. वार्षिक परीक्षा द्यावीच लागते, जाते ती फक्त मदत. होम लँग्वेज सर्व्हेत (घरची भाषा विचारणाऱ्या शाळेच्या फॉर्ममध्ये) मराठी लपवून ‘इंग्लिश’ लिहिण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. मूल नुकतंच भारतातून आलं असेल तर त्यात नुकसान त्याचंच.

मागच्या वर्षीचा चारही कौशल्यांचा स्कोअर रिपोर्ट घेऊन शिक्षिकेला भेटा आणि लेखनाचा स्कोअर आधी विचारा.