बाराबंदी पांढरी, सावल्याही फिक्या : दोष कोटिंगचा का?

प्रश्न : माझ्याकडे 120 फिल्मचा, घडीचा जुना कॅमेरा आहे. लेन्सवर कोटिंग (प्रकाश परतणे कमी करणारा पातळ थर) नाही. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो एचपी 5 प्लस या कृष्णधवल फिल्मवर काढले. बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) पांढरी आली, पण सावल्या राखाडी, धुरकट. लेन्सला नव्याने कोटिंग करून घ्यावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. त्यासाठी भिंगे सुटी करावी लागतात आणि परत बसवताना केंद्र किंचित हलले तरी फोटोची धार जाते. आधी शटर उघडे ठेवून मागून टॉर्च मारा. आतल्या काचेवर दुधट थर दिसला तर खरा गुन्हेगार तो. जाणकाराकडून तो साफ करून घ्या. कोटिंग नसण्यापेक्षा तो थर फोटोचे जास्त वाटोळे करतो.

काच स्वच्छ असेल तर हिशेब असा. कोटिंग नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो. चार भिंगे तीन गटांत असतील तर हवेला लागलेले पृष्ठभाग सहा, म्हणजे एकंदर वीसेक टक्के प्रकाश वाया. ही घट जेमतेम एक तृतीयांश स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), तिची चिंता नाही. चिंता आहे ती आत उड्या मारून सगळ्या फिल्मवर पसरणाऱ्या प्रकाशाची. समजा बाराबंदीवर 128 भाग प्रकाश आहे आणि फेट्याखालच्या सावलीत 1 भाग. त्यात 2 भाग फ्लेअर, म्हणजे असा पसरलेला प्रकाश, मिसळला की 130 आणि 3. सात स्टॉपचा फरक साडेपाचवर आला! पांढऱ्याला काही कळलेच नाही, सावली मात्र तिप्पट उजळली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर असता तर परतणारा प्रकाश पृष्ठभागामागे दीड टक्क्याच्या आसपास राहतो.

तुम्हाला हूड, म्हणजे लेन्सपुढे लावायची आडोशाची नळी, हवा. काळ्या, चकाकी नसलेल्या कार्डपेपरची नळी करा. पाठचे झाकण उघडून, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे) धरून, फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्याशी डोळा नेऊन ॲपर्चरमधून पाहा. चारही कोपऱ्यांतून पाहायचे. नळीची कड दिसली तर तेवढी कापा. कॅमेरा मिटण्यापूर्वी हूड काढायला विसरू नका, नाहीतर लेन्सची पाटी वाकेल. बेलोजची (लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या भात्याची) आतली बाजू चकाकत असेल तर तीही फ्लेअर वाढवते. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या लगेच बाहेर असेल तर हूडचाही इलाज चालत नाही. तेव्हा जागा बदला.

आहेत त्या निगेटिव्हचे प्रिंट ग्रेड 3 वर (थोड्या जास्त कॉन्ट्रास्टच्या कागदावर) काढून पाहा, बरेच सावरेल. पुढच्या रोलला कॉन्ट्रास्ट वाढवण्यासाठी आयडी-11 डेव्हलपरमध्ये (1+1, म्हणजे तेवढेच पाणी घालून) 20 अंशांना 13 ऐवजी साडेचौदा मिनिटे द्या. त्यापुढे गेलात तर बाराबंदीच्या चुण्या बुजतील. सोलापुरात उन्हाळ्यात नळाचे पाणी कोमट असते, म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमापकाने मोजूनच सुरुवात करा.

पिवळा फिल्टर लावणार असाल तर कोटिंगवालाच घ्या. साधा घेतलात तर 4 टक्के परतवणारे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात.