ऑपरेशननंतर टाक्यांखाली गाठ आली असेल तर फोनवरचं ‘नॉर्मल आहे’ ऐकून थांबू नका

ताई, तुमच्या कुत्रीचं, ब्राऊनीचं, नसबंदीचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस, टाक्यांखाली लिंबाएवढी मऊ गाठ, आणि दवाखान्यातून फोनवर उत्तर काय, तर ‘नॉर्मल आहे, टाके काढायला याल तेव्हा बघू’. आमच्या कुत्रीच्या, काळीच्या वेळी हेच ऐकून घेतलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

अशी गाठ पुष्कळदा कातडीखाली साचलेलं पाणी असते. कुत्री उड्या मारत असेल तर जास्तच साचतं, आणि तिला शांत ठेवलं की हळूहळू जिरतं. उगाच सुईने काढू नये, सुईवाटे जंतू आत जातात. पण आतल्या स्नायूंच्या थराचे टाके सैल झाले आणि पोटातलं काही बाहेर सरकलं, तरी वरून गाठ अशीच मऊ दिसते. त्याला परत ऑपरेशन लागतं. हा फरक फोनवर कुणालाच कळत नाही, हाताने तपासावंच लागतं. तेव्हा आज घेऊन जा. तिथे बघत नसतील तर दुसरीकडे जा.

आणि जाताना ऑपरेशनचा कागद बरोबर न्या. नसेल तर आधी तो मागून घ्या. आमचं सगळ्यात जास्त नुकसान हा कागद नसल्यानेच झालं. ऑपरेशनआधी रक्त तपासायचं का, असं मी विचारलं होतं. ‘तरुण आहे, गरज नाही’ म्हणाले. घरी आल्यावर काळीच्या पोटावर जांभळे डाग पसरत गेले. फोन केला की काउंटरवरची व्यक्तीच उत्तर द्यायची, डॉक्टर कधी फोनवर आलेच नाहीत. शेवटी रात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, वेदनेचं कुठलं इंजेक्शन दिलंय आणि कधी? आमच्याकडे फक्त पैसे भरल्याची पावती. कुत्र्यांना सूज-वेदनेची दोन वेगवेगळी औषधं एकावर एक, किंवा स्टिरॉइडसोबत दिली, तर जठरात जखमा होतात, किडनीवर ताण येतो. ती कळवळत होती आणि त्यांना बेधडक काही देता येईना. पहिला दवाखाना रात्री बंद, फोन उचलायला कुणी नाही. हे आठवलं की आजही संताप होतो. एवढे पैसे घेता, तर चार ओळी लिहून द्यायला काय जातं?

रक्त तपासल्यावर प्लेटलेट फार कमी निघाल्या. गोचीड ताप. आपल्याकडे हा सर्रास आढळतो, आणि त्याचा एर्लिकिया नावाचा जंतू कुत्री धडधाकट दिसत असतानाही महिनोन्महिने अंगात दडून राहू शकतो. प्लेटलेट कमी म्हणजे रक्त नीट गोठत नाही, आणि ऑपरेशनला रक्त नीट गोठणंच तर हवं असतं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा चार आठवड्यांचा कोर्स झाला, काळी सावरली. माझं ठाम मत: गोचीड दिसो न दिसो, रक्ततपासणीशिवाय टेबलावर घेऊ देऊ नका. ब्राऊनीची झाली नसेल तर आता करून घ्या.

कागदावर भुलीची आणि वेदनेची औषधं वेळेसकट हवीत. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे, हेही हवं. दोन्ही अंडाशयं पूर्ण काढली का, हे मुद्दाम लिहून घ्या. तुकडा आत राहिला तर कुत्री पुन्हा माजावर येते, आणि तेव्हा ही नोंद लागते.

घरी हिरड्या बघत राहा. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, मग खालच्या पापणीची आतली बाजू बघा. तिथे पांढरेफटक दिसलं, पोट फुगलं, किंवा कुत्री उठेचना, तर रात्र असली तरी निघा, आत रक्तस्राव असू शकतो. ताप गुदद्वारातूनच मोजा, 100.5 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. पहिल्या दिवशी नीट न जेवणं आणि दोन-तीन दिवस शी न होणं चालतं, उपाशीपोटी ऑपरेशन झालेलं असतं. पण चौथ्या दिवशीही जेवत नसेल तर ते नॉर्मल नव्हे.

घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात नको. टाक्यांवर हळदही नको, कुत्री ती चाटते आणि चाटण्यानेच टाके उसवतात. चाटू नये म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर नाकाच्या पुढे येईल एवढी मोठी घ्या आणि रात्रीही काढू नका. शेजारच्या काकू ‘बिचारीला कशाला छळता’ म्हणतील, म्हणू देत. ओल्या फरशीवर गोणपाट टाका, जिना चढायला लावू नका. माशांचे दिवस असतील तर टाक्यांवर स्प्रे मारायचा का ते डॉक्टरांना विचारा, जखमेत अळ्या फार लवकर पडतात.

माज संपून महिना-दोन महिनेच झाले असतील आणि आता सडांत दूध दिसलं, तर पिळू नका, पिळल्याने ते वाढतं. डॉक्टरांना मात्र सांगा.

टाके निघाले की जेवण साधारण पाव हिश्शाने कमी करा. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, त्यामुळे वजन भराभर चढतं. काळीला आम्ही भात कमी करून दुधी-गाजर वाढवलं, ते तिला मानवलं.