इमानेइतबारे: यात रविवार कुठून आला?

प्रश्न असा आला आहे: "एका लेखात वाचलं, 'मुस्लिम आणि पाश्चात्य यांच्यात आता इतबार उरलेला नाही.' इथे सरळ 'विश्वास' का नाही लिहिलं? आणि 'इमाने इतवारे'मधला इतवार तो हाच का?"

आधी दुसरा भाग, कारण तो कानाला रोज टोचतो. इतवार म्हणजे आदित्यवार, रविवार. 'तीस वर्षं इमाने इतवारे नोकरी केली' असं कुणी म्हणालं की मला वाटतं, गडी बाकी सहा दिवस घरीच होता. शब्द आहे 'इमानेइतबारे', ब बदकातला, आणि शेवटचा ए म्हणजे जुनी तृतीया: इमानाने, इतबाराने.

इमान अरबी अ-म-न या धातूवरून आलं. ईमान म्हणजे श्रद्धा. अमानत, अमीन ही भावंडं. नमाजातलं 'आमीन' आणि चर्चमधलं 'आमेन' हेही याच सेमिटिक धातूचे. चर्चकडे तो हिब्रूतून आला एवढाच फरक. पण इमानाबद्दल सगळेच लिहितात. खरी मौज इतबारात आहे.

'इतबार म्हणजे भरवसा' एवढं सांगून लोक मोकळे होतात. अरबीत मात्र याचा धातू आहे अ-ब-र (हा अ घशातला, 'ऐन'चा), आणि त्याचा अर्थ ओलांडणं, पार जाणं. त्यावरून 'इब्रत', म्हणजे धडा, कारण डोळ्यांसमोरची गोष्ट ओलांडून मागच्या अर्थापर्यंत जायचं. त्यावरून 'इअ्तिबार': पाहून बोध घेणं, मग दखल घेणं, मग मान. फारसीत तो पत झाला, बँकेतली पतसुद्धा. तुर्कीत 'इतिबार' म्हणजे आजही प्रतिष्ठा. मराठीत येईपर्यंत भरवसा.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. याच शब्दाच्या नावाचं एक पुस्तक आहे, 'किताब अल्-इअ्तिबार'. सांगणारा उसामा इब्न मुन्किझ, सीरियातल्या शैजर गढीच्या सरदार घराण्यातला. जन्म १०९५ चा, म्हणजे पोप अर्बनने क्लेरमाँ इथे क्रुसेडची, जेरुसलेम जिंकायच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली तेच साल. मृत्यू ११८८, सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतलं त्याच्या पुढच्या वर्षी. अख्खं आयुष्य फिरंग्यांशी, म्हणजे युरोपातून आलेल्या क्रुसेडवाल्यांशी, लढण्यात, तह करण्यात आणि त्यांच्याकडे जाण्यायेण्यात गेलं.

तो सांगतो, जेरुसलेमला गेलो की मी अक्सा मशिदीत जाई. तिथे तेव्हा टेम्पलर शिलेदारांचं, म्हणजे लढणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचं, ठाणं होतं. शेजारच्या छोट्या मशिदीचं त्यांनी चर्च केलं होतं, पण उसामा आला की ते ती जागा त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. 'माझे मित्र' हा त्याचाच शब्द. एकदा तो मक्केकडे, म्हणजे दक्षिणेला तोंड करून उभा राहिला, तर एका फिरंग्याने धावत येऊन त्याला धरलं आणि पूर्वेकडे वळवलं: 'प्रार्थना अशी करायची!' टेम्पलरांनी त्या गड्याला बाजूला नेलं. नजर चुकवून तो परत आला आणि पुन्हा तेच. शेवटी टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली: हा नुकताच फिरंगी मुलुखातून आलाय, पूर्वेशिवाय दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा माणूस यानं कधी पाहिलेला नाही.

हाच उसामा फिरंग्यांचं नाव निघालं की पुष्कळदा शाप जोडतो, आणि शौर्य सोडलं तर त्यांना जनावरांच्या पंक्तीला बसवतो. पण हा किस्सा सुरू करतानाच त्यानं म्हटलंय की नवे आलेले आडदांड, इथे राहून मुसलमानांत मिसळलेले बरे. माझं मत, कुणाला पटो न पटो, असं की इतबाराचा धातू इथे उघड दिसतो. एक समुद्र ओलांडून आलेला, पण मनाने अजून पलीकडच्याच काठावर. दुसरे पार झालेले.

म्हणून अभ्यासक फिलिप हिट्टींनी १९२९ च्या इंग्रजी भाषांतरात या ग्रंथाला 'आठवणी' म्हटलं याचा मला राग आहे. विद्वान माणूस, पण नावातला धडा गाळला! आठवणी कुणीही सांगतो. ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत १८८० मध्ये सापडली, तीही माद्रिदजवळ एस्कोरियालला, स्पेनच्या कॅथलिक राजांच्या संग्रहात.

जाता जाता: उसामाचा 'इफ्रंज' तोच आपला फिरंगी, मूळ फ्रँक. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, फिरंगी वेगळे आणि फरासीस वेगळे. फिरंगी म्हणजे आपल्याकडे पोर्तुगीज, आणि ज्यांच्या देशालाच फ्रँकांचं नाव आहे ते फ्रेंच मात्र फिरंगी नाहीत! दुखणी तर विचारूच नका. तुर्कीत 'फ्रेंगी' म्हणजे उपदंश (सिफिलिस), आणि आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंगरोग म्हणजेही उपदंशच.

हां, प्रश्न. भाषाशुद्धीवाले म्हणतील, इतबार परका, हाकला. कशाला? विश्वास म्हणजे वि आणि श्वस्, मोकळा श्वास घेता येणं. इतबार म्हणजे पारखून बसलेला भरवसा. त्या वाक्यात इतबारच हवा, तो शब्द लेखकाने बरोबर उचलला. चुकलाय तो जोडीत. एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला दिशा, ही कसली जोडी? बोस्नियातला मुसलमान यात कुठल्या रांगेत उभा करणार? पिढ्यान्‌पिढ्या युरोपातच राहतो तो. आणि इजिप्तमधला कॉप्ट ख्रिस्ती?

शिवाय 'पाश्चात्य' छापलंय. पाश्चात्त्य. पश्चात्‌चा एक त, प्रत्ययाचा दुसरा.