पेव फुटतं म्हणजे काय होतं?

प्रश्न असा आहे: 'खासगी क्लासेसचं पेव फुटलंय' यातलं पेव म्हणजे नेमकं काय? आणि जमिनीत पुरून ठेवलेल्या सोन्यानाण्यालाही पेव म्हणता येईल का?

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रुंद. गावोगावी ज्वारी अशा पेवांत घालून ठेवत. कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच कोठी, घरात उभी असते; पेव सगळंच्या सगळं जमिनीखाली.

हा शब्द फक्त वाक्प्रचारापुरता उरलाय असं मात्र समजू नका. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तिथली माती घट्ट, पाणी सहजी झिरपू न देणारी. चांगलं खोल पेव खणायचं, तळाला आणि कडेनं पालापाचोळा लावायचा, आत हळकुंडं भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही. भाव येईपर्यंत हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत प्राणवायू पुरेसा नसतो. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, कंदील सोडून तो जळत राहतो का ते पाहायचं, मग माणूस उतरवायचा. २००५ च्या महापुरात यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरलं, हळद नासली, आणि त्यानंतर पेवांचा वापर कमी होत गेला. इतकी जाणती पद्धत अशी मागे पडावी याची मला फार हळहळ वाटते.

आता 'फुटणे'. बंद पेव बाहेरून दिसतही नाही. वर साधी जमीन. तोंड उघडलं की हवा-ओल आत जाते, म्हणून माल थोडाथोडा काढत बसणं परवडत नाही. कालपर्यंत जिथं काही नव्हतं तिथं एकदम ढीग लागतो. माझ्या मते वाक्प्रचाराचा अर्थ इथेच आहे: नुसतं 'पुष्कळ' नव्हे, तर 'अचानक आणि एकदम पुष्कळ'. हळूहळू वाढलेल्या गोष्टीला तो शोभत नाही.

सोन्यानाण्याला पेव म्हणू नये. पेव मुळात साठवणीसाठी, लपवण्यासाठी नव्हे. ते कुणाचं, त्यात काय, हे गावाला ठाऊक असतं. दागिने, मोहरा 'पुरतात'. माल पेवात 'घालतात' किंवा 'भरतात'. पुरलेल्याला गुप्तधन म्हणा, हंडा म्हणा. कायद्याच्या भाषेत तो 'निखात निधी', म्हणजे खणून ठेवलेला ठेवा; १८७८ च्या अधिनियमानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणखी एक. आजच्या वापरात 'पेव फुटणे' याला नापसंतीची छटा आहे. तुमच्या गावात चांगली वाचनालयं निघाली असतील तर त्यांचं पेव फुटलं असं लिहू नका.