दुसरी-तिसरीच्या मुलांना ऑनलाइन सुरक्षितता कशी शिकवायची? त्यांच्याकडे तर स्वतःचा मोबाईलच नसतो

मी गोव्यात फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडे असते. मोबाईल स्वतःचा नसतो हे खरं, पण खरी भानगड तिथेच आहे. मोबाईल पप्पांचा नाहीतर आजीचा, त्यात जीपे, व्हॉट्सअ‍ॅप सगळं लॉगिन करून ठेवलेलं आणि मूल त्यावरच कार्टून बघत बसलेलं. त्यामुळे ते 'पासवर्ड स्ट्राँग ठेवा'वालं पोस्टर या वयाला काही कामाचं नाही, मी तर लावतच नाही.

या वयात एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. काही विचित्र दिसलं, कोणी काही मागितलं, घाण फोटो आला, की मोबाईल आहे तसा उचलून घरातल्या मोठ्यांकडे न्यायचा.

भाषण देऊ नका, नाटक करा. मी डस्टर कानाला लावते आणि एखाद्याला फोन करते, "बाळा, पप्पांच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले ना, वाचून दाखव बघू." पोरं इतक्या खणखणीत आवाजात ओटीपी वाचतात की काय सांगू! वाचणारच, आकडे मोठ्याने वाच असं वर्षभर आपणच सांगतो ना. मग परत खेळायचं, पण आता उत्तर एकच, "रावात, मम्मीक दितां" (थांबा, मम्मीकडे देतो). नाटक कोंकणीतच करा, घरी फोन आल्यावर ती कोंकणीतच बोलणार आहेत.

पत्त्याचंही तसंच. फ्री फायर मॅक्स, रोब्लॉक्समध्ये कोणी विचारलं कुठे राहतोस, तर मूल पत्ता सांगत नाही कारण त्याला तो येतच नाही, पण "सातेरीच्या देवळामागे, आमचा गाडा आहे" एवढं सांगून मोकळं होतं, आणि आपल्याकडच्या गावात तेवढ्यावर कोणीही दारात येऊन उभा राहील. वर्गात एकाला नाव न घेता आपल्या घराच्या तीन खुणा सांगायला लावा, बाकीच्यांना घर ओळखू दे. तिसरी खूण येईपर्यंत घर सापडलेलं असतं, मग वेगळं समजवायची गरज पडत नाही.

'अनोळखी माणसाशी बोलू नको' यावर माझा फार भरवसा नाही. चार दिवस एकत्र गेम खेळलेला माणूस मुलाच्या हिशेबी अनोळखी राहतच नाही, तो फ्रेंड. आणि त्रास देणारा कधी कधी ओळखीचाच असतो. म्हणून मी सांगते, जो कोणी म्हणेल 'हे घरी सांगू नको', त्याचंच नाव आधी घरी सांगायचं, मग तो काका असो नाहीतर ऑनलाइन फ्रेंड.

पळवून नेतात वगैरे गोष्टी सांगून घाबरवू नका, त्याने मुलं लपवायला शिकतात. मुलांना सगळ्यात मोठी भीती चोराची नसते, मोबाईल काढून घेतील याची असते. म्हणून पालक मीटिंगमध्ये मी आधी हेच मागून घेते की मूल स्वतःहून सांगायला आलं तर त्या दिवशी ओरडायचं नाही आणि मोबाईल बंदीही नाही. पालक तिथे मान डोलावतात, घरी काय करतात देव जाणे. मुलाचा युनिफॉर्म आणि आयकार्डवाला फोटो स्टेटसला टाकणारेही हेच. प्ले स्टोअरला खरेदीसाठी पासवर्ड लावा आणि लहानग्यांना यूट्यूब किड्स द्या, हेही तिथेच उरकून घ्या.

आणि हो, काही झालंच तर पालक पहिल्यांदा चॅट डिलीट करायला धावतात. ते करू देऊ नका, आधी स्क्रीनशॉट. पण घाण फोटोचा स्क्रीनशॉट काढत किंवा तो कोणाला फॉरवर्ड करत बसू नका, मोबाईल तसाच पोलिसांना दाखवा. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मुलाला कोणी त्रास देत असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन, मूल स्वतःही लावू शकतं. हा नंबर मात्र मी वर्गात पाठ करून घेते, पाढ्यांच्या आधी.