मेडिक्लेमवाल्यांनी टॉप सर्जरी नाकारली, आता पैसे कुठून उभे करू?

प्रश्न थोडक्यात: मी ट्रान्समॅन (जन्माच्या नोंदीत मुलगी, पण पुरुष), वय २७, पुण्यात खाजगी कंपनीत नोकरीला. टीजी, म्हणजे ट्रान्सजेंडर, सर्टिफिकेट आणि कार्ड हातात आहे. टॉप सर्जरीचा, म्हणजे छाती सपाट करायच्या ऑपरेशनचा, खर्च हॉस्पिटलने अडीच लाख सांगितलाय. कंपनीच्या मेडिक्लेमने प्री-ऑथ (ऑपरेशनआधीची मंजुरी) नाकारलं, कारण दिलंय 'कॉस्मेटिक, एक्सक्लूजन कोड ०८'. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरचा माणूस म्हणतो 'छातीत गाठी आहेत' असं लिहू, लगेच पास होईल. आजीने मला दिलेल्या सोन्याच्या पाटल्या आईच्या लॉकरमध्ये आहेत, पण आई म्हणते त्या लग्नासाठी होत्या, असल्या कामाला मिळणार नाहीत. काय करू?

उत्तर:

दादा, आधी त्या गाठींचं बोलू. ते करू नका. डॉक्टर सही करायला तयार असले तरी करू नका. खोटं निदान लिहून क्लेम घेणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ खाली बसते, आणि ग्रुप पॉलिसी असल्यामुळे पकडलं गेलं तर इन्शुरन्स कंपनी ते थेट तुमच्या एचआरला कळवते म्हणजे क्लेम गेला, पॉलिसी गेली आणि नोकरीवरही बालंट. डेस्कवरच्या माणसाचं काही जात नाही, कागदावर नाव तुमचं असतं.

आणि अजून एक गोष्ट, जी तो माणूस तुम्हाला सांगणार नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात कलम ७ आहे, सर्जरीनंतर 'पुरुष' म्हणून बदललेलं सर्टिफिकेट हवं असेल तर जिथे सर्जरी झाली तिथल्या मेडिकल सुपरिटेंडेंटचं पत्र जोडून कलेक्टरकडे अर्ज करावा लागतो. आता डिस्चार्ज कार्डवर 'गाठी काढल्या' असं असेल तर ते सुपरिटेंडेंट तुम्हाला कुठल्या आधारावर पत्र देणार? एक क्लेम पास करायच्या नादात पुढची सगळी कागदपत्रं अडकून बसतील. तेव्हा निदान जे आहे तेच लिहायचं, जेंडर डिस्फोरिया किंवा जेंडर इनकाँग्रुअन्स (जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं आणि त्याचा त्रास), आणि ऑपरेशनचं नावही जे आहे तेच.

आता नकाराचं पत्र. प्रत्येक हेल्थ पॉलिसीत काही एक्सक्लूजन, म्हणजे कव्हर नसलेल्या गोष्टी, ठरलेल्या भाषेत छापलेली असतात, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये त्यांना कोड दिले. ०८ म्हणजे कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी, आणि त्याच्या शेजारचा ०७ म्हणजे चेंज ऑफ जेंडर ट्रीटमेंट. तुम्हाला ०८ लावलाय. त्यावर उत्तर आहे, कारण ०८ मध्येच लिहिलंय की रुग्णाच्या तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे असतील आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर तो कोड लागू होत नाही. तुमच्या सायकियाट्रिस्टचं आणि सर्जनचं सविस्तर पत्र इथे कामाला येतं, दोन ओळींचं नाही, बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारा घट्ट कपडा) बांधून छातीला आणि श्वासाला काय त्रास होतोय, किती वर्षं होतोय, झोप, नैराश्य, सगळं त्यात यायला हवं, आणि ते त्यांनी तपासून लिहिलेलं हवं.

पण खरी भीती ०७ ची आहे. तो तुमच्या पॉलिसीत असेल तर आज त्यांनी लिहिला नाही म्हणून उद्या लिहिणार नाहीत असं नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की क्लेम नाकारताना जी कारणं पत्रात दिली त्याच्या बाहेरची कारणं कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाहीत, पण तुमचं पत्र हे प्री-ऑथचं आहे, फायनल क्लेम अजून टाकलेलाच नाही, म्हणून त्या निकालावर फार विसंबू नका.

म्हणून उद्याच एचआरला मेल टाका, फोन नाही, मेल, आणि ग्रुप पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, सगळ्या एंडोर्समेंटसकट, म्हणजे मूळ पॉलिसीत नंतर केलेल्या बदलांच्या पानांसकट. बहुतेक कर्मचाऱ्यांकडे फक्त ई-कार्ड आणि जॉइनिंगच्या वेळी दाखवलेलं प्रेझेंटेशन असतं, त्यावरून काहीच कळत नाही. कंपनीने जास्त प्रीमियम भरून ०७ काढून टाकलेला असू शकतो, आजकाल बऱ्याच मोठ्या कंपन्या तसं करतात आणि कर्मचाऱ्यांना पत्ताही नसतो. तसं निघालं तर तुमची केस चांगली आहे. आधी इन्शुरन्स कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला तर इन्शुरन्स ओम्बड्समनकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा लोकपाल) जा. पुण्यातच ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही घेतात, आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं.

आणि ०७ तसाच असेल तर? तर मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही, निदान या क्लेमसाठी तरी. पुष्कळ जण मला २०१९ च्या कायद्याचं कलम १५ दाखवतात, त्यात सर्जरी, हॉर्मोन आणि लेझरच्या खर्चासाठी विमा योजनेची तरतूद करा असं स्पष्ट म्हटलंय. बरोबर आहे, पण ती जबाबदारी सरकारवर टाकलीय, खाजगी इन्शुरन्स कंपनीवर नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम २१ दाखवून मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्या असं म्हणता येतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत यादीत जेंडर इनकाँग्रुअन्स मानसिक आजारांच्या गटातून बाहेर काढलंय, त्यामुळे समोरचा वकील तेच तुमच्यावर उलटवेल. तक्रारीत दुसरा मुद्दा म्हणून घाला, सगळा भार त्यावर टाकू नका.

तुमचा जोर एचआरवर ठेवा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम ९ नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं आणि कलम ११ प्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. दरवर्षी रिन्युअलच्या आधी ब्रोकर आणि एचआर बसून काय घ्यायचं काय सोडायचं ठरवतात, तेव्हा ०७ काढून घ्या असा लेखी अर्ज तुमच्याकडून गेलेला असला पाहिजे. सर्जरी तीन-चार महिने पुढे ढकलून अडीच लाख वाचत असतील आणि तुम्हाला तेवढं थांबणं सोसणार असेल तर ते करण्यासारखं आहे. सोसणार नसेल तर मात्र नका थांबू, पैशाचे बाकी मार्ग आहेत.

त्यातला पहिला आयुष्मान भारत टीजी प्लस. केंद्राच्या आरोग्य प्राधिकरणाने आणि सामाजिक न्याय खात्याने २४ ऑगस्ट २०२२ ला करार केला, टीजी सर्टिफिकेट असलेल्या व्यक्तीला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर, त्यात सर्जरीही धरलेली आहे. अट अशी की केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून हाच लाभ मिळत नसावा. तुमच्या कंपनीचा मेडिक्लेम ही सरकारी योजना नाही, त्यामुळे माझ्या मते तुम्ही अर्ज करू शकता. अडचण हॉस्पिटलची येते. योजनेच्या पॅनेलवर असलेलं, ही सर्जरी करणारं आणि या पॅकेजखाली करायला तयार असलेलं हॉस्पिटल शोधावं लागतं, १४५५५ वर विचारा, आणि सांगतील ते नाव घेऊन त्या हॉस्पिटलच्या आयुष्मान मित्राला, म्हणजे तिथे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, प्रत्यक्ष भेटा. ही कॅशलेस योजना आहे, आधी खिशातून भरायचे आणि मग परत मागायचे असं इथे चालत नाही हे लक्षात ठेवा, यात माणसं फसतात.

ससूनच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीतही एकदा जाऊन विचारा. सरकारी हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची सर्जरी २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेसमध्ये झाली, ते सरकारीच हॉस्पिटल. वेळ लागतो, फेऱ्या होतात, खर्च मात्र खाजगीच्या मानाने फारच कमी.

धर्मादाय हॉस्पिटलमधल्या राखीव खाटांना उत्पन्नाची मर्यादा असते, तुमच्या पगारावर ते जमणार नाही. पीएफमधून मोठ्या ऑपरेशनसाठी रक्कम काढता येते, फॉर्म ३१ ऑनलाइन भरायचा, ते कर्ज नसतं त्यामुळे फेडायचा प्रश्न नाही. पर्सनल लोन सगळ्यात शेवटी, आणि मोबाइलवरच्या त्या झटपट लोन ॲपच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

राहिल्या पाटल्या. इथे एकच बघायचं, आजीने त्या तुमच्या हातात दिल्या होत्या का. जंगम वस्तूचं बक्षीस नुसतं हातात दिल्याने पूर्ण होतं, रजिस्ट्रेशन लागत नाही. दहावीच्या निकालाला म्हणा, वाढदिवसाला म्हणा, आजीने तुम्हाला दिल्या, तुम्ही घेतल्या आणि मग सांभाळायला आईच्या लॉकरमध्ये ठेवल्या असतील तर त्या तुमच्या आहेत, आई फक्त सांभाळतेय. लग्नाला घालशील असं आजी प्रेमाने म्हणाली असेल तर ती काही कायदेशीर अट होत नाही. पण आजी नुसती 'तुला देईन' म्हणाली आणि पाटल्या कधी तुमच्याकडे आल्याच नाहीत, तर त्या आजीच्याच, आणि आजी आता नसेल तर मृत्युपत्र किंवा वारसा कायद्याप्रमाणे वाटणी होणार. सोनाराची पावती कोणाच्या नावावर आहे, देतानाचा एखादा फोटो आहे का, कोणी मावशी आत्या तेव्हा हजर होती का, हे गोळा करून ठेवा.

मात्र आईला नोटीस पाठवा असं मी आत्ता सांगणार नाही. अडीच लाखांसाठी आईवर दावा लावाल तर निकालाला लागणारी वर्षं तुमच्या सर्जरीच्या कामाची नाहीत, आणि ऑपरेशननंतर ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) लावलेला असताना हात वर करता येत नाहीत तेव्हा घरात कोणीतरी लागतं. त्या मावशीला किंवा आत्याला मध्ये घालून बोला. आजी हयात असेल तर मग काहीच प्रश्न नाही, तिच्याकडून साध्या कागदावर 'या पाटल्या मी नातवाला दिल्या' असं लिहून घ्या, तारीख टाका, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

पॉलिसीची प्रत आली की कोड ०७ चं पान आणि एंडोर्समेंटची पानं मला पाठवा, नाव आणि एम्प्लॉयी नंबर झाकून. तक्रारीचा मसुदा त्यावरूनच करावा लागेल.